टाकीवरचा जुना रंग

वस्तू जुनी झाली की तिच्यापुढे माणूस दोन मनांचा होतो. एक मन म्हणते, हिला पुन्हा नवी करू. दुसरे म्हणते, आहे तशी असू दे. घरातल्या जुन्या फटफटीला नवा रंग द्यावा की मूळचा राखावा, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधला आहे. थोडे खोल गेले, की तो आदर आणि अहंकार यांच्यातला निघतो.

१९५५ साली मद्रासेत एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि बुलेट आपल्या देशात जोडली जाऊ लागली. पुढे म्हैसूरमधून जावा निघू लागल्या. बुलेटच्या टाकीवरच्या त्या बारीक सोनेरी रेघा कारागिराने कुंचला हातात धरून ओढलेल्या असत. हाताची रेघ म्हटली, की कुठे केसभर जाड, कुठे केसभर बारीक. त्यावर मग मालकाची वर्षे साठत गेली. पेट्रोल सांडून झाकणाभोवतीचा रंग विटला. पट्ट्याच्या बक्कलने टाकीच्या मागच्या टोकाला ओरखडे पडले. रस्त्याच्या खडीने मडगार्डाला टवके गेले.

आता समजा, गाडी चालवणारा माणूस राहिला नाही. मुलाला वाटते, वडिलांची गाडी अशी विटकी का असावी? चकचकीत करून दारात उभी करू, त्यांचे नाव होईल. आई म्हणते, त्यांनी ठेवली तशी राहू दे. दोघांचेही प्रेम खरे आहे. मग ऐकायचे कोणाचे?

नव्या रंगासाठी आधी काय करावे लागते ते पाहा. जुना रंग रसायनाने किंवा पॉलिश पेपरने पार पत्र्यापर्यंत खरवडतात. खड्ड्यांत पुट्टी भरतात, मग प्रायमर, रंग आणि शेवटी चकाकीचा हात. काम सुरेख होते, यात शंका नाही. पण कारागिराची रेघ आणि मालकाचे ओरखडे धुळीबरोबर झाडून जातात. हुबेहूब तशी रेघ पुन्हा ओढता येईल. तीच रेघ पुन्हा येणार नाही.

यावर विचारी माणूस शंका काढील. ‘मिलिंदप्रश्न’ या प्राचीन पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला विचारतात, चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? कोणत्याच एका भागात राजाला रथ सापडत नाही. त्या न्यायाने रंग म्हणजे काही फटफटी नव्हे. टायर बदलले, ब्रेकचे लायनर बदलले, वायरिंग नवे केले, तरी गाडी तीच राहते. मग रंगाचेच एवढे कौतुक कशाला?

याचे उत्तर कामात आहे. झिजलेला ब्रेक राखून ठेवणे ही भक्ती नव्हे, जिवाशी खेळ आहे. तो बदललाच पाहिजे. रंगाची कामे मात्र दोन. एक, लोखंडाला गंजापासून वाचवणे. दुसरे, कोणी न सांगता गाडीच्या आयुष्याची नोंद ठेवणे. पहिले काम नवा रंगही करील. दुसरे त्याच्याकडून होणार नाही, कारण तो तेव्हा तिथे नव्हता.

म्हणून जिथे गंज पत्रा खात आहे, तिथे रंग लावणे हे कर्तव्यच आहे. मात्र तेवढ्याच जागेपुरते. जिथे रंग नुसता विटला आहे, तिथे सौम्य साबणाचे पाणी, मऊ फडके आणि मेणाचा पातळ हात पुरे होतो. रबिंग कंपाउंडने घासू नये. चकाकी येते, पण रंगाचाच थर निघून जातो. शंका असली, तर थांबावे. आज न दिलेला रंग उद्याही देता येतो. आज खरवडलेला उद्या परत लावता येत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. जुना रंग राखण्यातही मोह शिरतो. ‘आमच्या गाडीचा रंग कंपनीचाच’ हे मिरवणे आणि नव्या चकाकीचे मिरवणे, ही एकाच घरची भावंडे. कोणी तर नवा रंग मुद्दाम घासून जुना भासवतात, कोणी नवा रंग मूळचा म्हणून विकतात. ही उघड लबाडी आहे. त्यापेक्षा नवा रंग देऊन ‘हा नवा आहे’ म्हणणारा शंभर पटींनी बरा. ज्या गाडीवर मूळचा रंग उरलेलाच नाही, तिला निःसंकोच रंगवावे. तिथे राखण्याजोगी नोंदच नाही.

मग आई आणि मुलगा यांच्यात निवाडा काय? दोघांनी मिळून गाडी एकदा नुसती धुवावी. धुताना आई सांगेल, हा टवका कोणत्या गावच्या रस्त्यावरचा, हा ओरखडा कोणत्या सालचा. मुलाने ते ऐकावे. ऐकल्यावरही रंगवावीशी वाटली, तर काय पुसले जाणार आहे हे जाणून तो रंगवील. पण बहुधा त्याचा हात आपोआप हलका होईल. वडिलांना नवे करायचे नव्हते, फक्त जवळ ठेवायचे होते, हे त्याचे त्यालाच उमगेल.