दुर्बळाला दिलेला शब्द

ज्याच्यापाशी जाब विचारण्याचे बळ नाही, त्याला दिलेल्या शब्दाचे मोल किती? या प्रश्नाचे एक विदारक उत्तर दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या इतिहासात सापडते.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे फ्रान्सिस्को पिझारोने अवघ्या १६८ स्पॅनिश सैनिकांनिशी इंका सम्राट अताहुआल्पा याला कैद केले. सुटकेच्या बदल्यात एक दालन सोन्याने एकदा आणि चांदीने दोनदा भरून देण्याचे सम्राटाने कबूल केले. पिझारोने ते मान्य केले. सुमारे सहा टन सोने आणि अकरा टनांहून अधिक चांदी वितळवण्यात आली. शब्द पाळण्याची पाळी पिझारोवर आली, तेव्हा मात्र सम्राट गुप्तपणे फौज जमवीत असल्याचा आरोप पुढे आला. शोधास गेलेल्या तुकडीला अशी फौज आढळली नाही. पण ती परतण्यापूर्वीच, जुलै १५३३ मध्ये, सम्राटाचा गळा आवळण्यात आला होता. जिवंत जाळले जाऊ नये म्हणून अखेरच्या क्षणी त्याने बाप्तिस्मा स्वीकारला. भीतीपोटी उच्चारलेल्या शब्दांना श्रद्धा म्हणावे काय?

अताहुआल्पा निष्पाप नव्हता. सत्तेसाठी त्याने आपला सावत्र भाऊ हुआस्कर याला ठार करविले होते. परंतु समोरच्याचा दोष आपल्याला वचनातून मुक्त करीत नाही. स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याने या वधाबद्दल नाराजी कळविली. मात्र खंडणीतील आपला पंचमांश ठेवून घेतला. लाभ न सोडता व्यक्त केलेली नाराजी ही पश्चात्ताप नव्हे.

याच राजाच्या आजी-आजोबांनी १४९१ मध्ये ग्रॅनडाच्या मुस्लिमांना धर्मस्वातंत्र्याचे लेखी अभिवचन दिले होते. १५०२ पर्यंत त्यांच्यापुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. ग्रॅनडासाठी आपले डोळे पाणावतात. काहामार्कासाठीही ते पाणावतात काय? न्याय आपल्या माणसांपुरताच हवा असेल, तर तो न्याय नसून केवळ पक्षपात आहे.

हुदैबियाचा करार होत असतानाच हजरत अबू जंदल (रजि.) साखळदंडांसह आश्रयास आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना धीर दिला, परंतु विरोधकांना दिलेला शब्द मोडला नाही.

वाचकहो, आपल्या घरातही काहामार्का असू शकते: बहिणीचा वारसाहक्क, पत्नीचा महर, कागदाविना राबणाऱ्या मजुराची मजुरी. ते कदाचित आपल्याकडे मागणारही नाहीत. पण वचनाचा हिशेब घेणारा अल्लाह साक्षी आहे.