भय, सक्ती आणि भूतकथेचे अध्यापन

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका एकाच वेळी दोन जगांत नांदतो. पूर्वेला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान संकुल आणि त्याभोवतीच्या वसाहती. पश्चिमेला धरणाच्या जलाशयाकाठची, ताम्हिणी घाटाकडे सरकत जाणारी गावे. अशा प्रदेशातील सहावी ते आठवीच्या वर्गात एखादी भूतकथात्मक कादंबरी शिकवायला घेतली, तर तिचे वाचक एकसंध असतील असे गृहीत धरता येत नाही. एका विद्यार्थ्याला भूत चित्रपटातून परिचित झालेले असते. दुसऱ्याच्या घरी पिंपळावरच्या मुंजाचे नाव तिन्हीसांजेनंतर घेतले जात नाही. (ही वाटणी शहर आणि खेडे अशी सरळ नाही, दृष्ट सदनिकेतही काढली जाते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.) पहिल्याच्या दृष्टीने भूतकथा हा वाङ्मयप्रकार आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने ती वार्ता आहे. एकच संहिता या दोघांच्या हाती देण्याचा नैतिक अधिकार शिक्षकाला कशाच्या आधारे प्राप्त होतो, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. रात्री वेषांतर करून हिंडणाऱ्या देवांच्या गोष्टी सांगून मुलांना भिवविणाऱ्या मातांना प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात दोष दिला. त्याचा आक्षेप दुहेरी होता: या गोष्टी असत्य असतात आणि त्या मुलांना भित्रे करतात. मराठीत या आक्षेपाला प्रत्यक्ष निर्मितीतून उत्तर मिळालेले दिसते. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांनी प्रौढांसाठी गूढकथा लिहिल्या आणि 'अलबत्या गलबत्या'मधून चेटकिणीला थेट मुलांसमोर उभे केले. बालप्रेक्षकांच्या एकाहून अधिक पिढ्यांनी ते नाटक आनंदाने पाहिले. भय आणि आनंद परस्परांना छेदतातच असे नाही, एवढे त्यातून निश्चित होते. परंतु नाट्यगृहातील हा अनुभव वर्गाला जसाच्या तसा लागू पडतो काय?

भयानक रसाचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने 'शाकुंतला'तील, दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या भयभीत हरिणाचे उदाहरण घेतले आहे. रसिकाची भयप्रतीती 'मी भ्यालो', 'हा माझा शत्रू' अशा व्यक्तिगत संबंधांतून आणि विशिष्ट स्थळकाळातून मुक्त झालेली असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. मुंजावर विश्वास असलेल्या मुलाच्या बाबतीत नेमकी हीच मुक्तता दुष्कर ठरते. त्याचे भय स्थळाला बांधलेले असते. तो पिंपळ त्याच्या शाळेच्या वाटेवर असतो. वर्गात दिवसाउजेडी वाचलेले प्रकरण त्याला रात्री, शिक्षक जवळ नसताना, पुन्हा भेटते.

कोलरिजने १८१७ मध्ये अविश्वासाच्या स्थगितीचे सूत्र मांडले तेव्हा ही स्थगिती स्वेच्छेची असते असेही सांगितले. या सूत्रातील 'अविश्वास' हे पद चर्चेत राहिले. 'स्वेच्छा' हे पद बहुधा मागे पडले. प्रेक्षकाला उठून जाता येते, वाचकाला पुस्तक मिटता येते. विद्यार्थ्याला वर्ग सोडता येत नाही. शिवाय त्या भयावर परीक्षेत उत्तर लिहावे लागते. म्हणजे मूळ पेच भुताच्या असत्यतेत नसून सक्तीने दिलेल्या भयात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात आलेला जादूटोणाविरोधी कायदाही भुतावरील विश्वासाला शिक्षा करीत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, भुताला आवाहन करण्याची धमकी देऊन घबराट निर्माण करणे अशा कृत्यांना करतो. भय जेथे दुसऱ्यावर सत्ता गाजविण्याचे साधन होते तेथे तो हस्तक्षेप करतो. सत्ता शिक्षकाच्याही हाती असते.

मग अशी कादंबरी टाळावी काय? टाळल्याने मुलाचे भय नाहीसे होत नाही. ते फक्त एकट्याचे राहते. ऑस्कर वाइल्डच्या 'द कँटरव्हिल घोस्ट' (१८८७) या लघुकादंबरीत घरातील जुळे भाऊ भुताची टर उडवितात आणि वाचक हसतो. पुढे व्हर्जिनिया त्या भुताचे म्हणणे ऐकून घेते, तेव्हा पत्नीचा खून केलेला, स्वतः उपासमारीने मेलेला, तीनशे वर्षे झोप न लागलेला एक माणूस दिसू लागतो. 'भूत असते काय?' या प्रश्नाच्या जागी 'याला शांती का नाही?' हा प्रश्न येतो. तो परिचित भुतांनाही लावून पाहता येतो. मुंजा म्हणजे मुंजीनंतर, लग्नाआधी मेलेला मुलगा. जवळजवळ या वाचकाच्याच वयाचा. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली स्त्री. ज्यांना जगविता आले नाही त्यांनाच समाज भिऊ लागला. सेनापती बापट ज्याचे अग्रणी ठरले त्या १९२१-२४ च्या सत्याग्रहानंतरही मुळशीची गावे टाटांच्या धरणाखाली गेली. अपुऱ्या राहिलेल्या हिशेबाचा अर्थ या भूमीत निराळा समजावून सांगावा लागू नये. 'भूत' हा शब्द गेलेल्या काळाचाही वाचक आहे, हे तर याच वर्गात व्याकरणाच्या तासाला शिकविले जाते.

तथापि हे स्थित्यंतर हुकमाने घडत नाही. 'बाई, भूत खरंच असतं का?' असे मुलाने विचारले, तर 'नसते' हे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'मधील संदिग्धता ही कला आहे. शिक्षकाची संदिग्धता ही टाळाटाळ ठरते. मात्र त्या 'नसते'मध्ये उपहास असता कामा नये, कारण वर्गातला हशा मुलाच्या घरी, त्याच्या आजीपर्यंत पोहोचतो. ज्याला मोठ्याने वाचायचे नाही त्याला न वाचण्याची, ज्याला घरची गोष्ट सांगायची नाही त्याला गप्प बसण्याची मुभा हवी, आणि भयाला गुण नकोत. या मुभेची किंमतही आहे: ज्याला या कथेची सर्वाधिक गरज आहे तोच विद्यार्थी कदाचित पुस्तक मिटून ठेवील. ती जोखीम शिक्षकाने पत्करावयाची असते, विद्यार्थ्याने नव्हे.