दगडफूल जिवंत असते काय?

गेल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपून आम्ही पंगतीस बसलो असता यजमानांनी हळूच विचारले, “बुवा, आई सहा महिने अंथरुणाला खिळून आहे. बोलणे नाही, ओळख नाही. शेजारी म्हणतात, आता यात राहिले काय? आम्ही काय समजावे?” आम्ही जे उत्तर दिले ते पाठातले होते. त्याने त्यांचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही नाही.

पुढे दगडफुलाविषयी वाचनात आले. हो, तेच आपल्या गोड्या मसाल्यातले करडे पापुद्रे! ते एक झाड नव्हेच. बुरशी आणि शेवाळ यांचा तो संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर अन्न करते. दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडात मूळच्या फुलझाडांच्या जाती दोनच, पण या कुळातल्या शेकडो. तेथे मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या आहेत. पाऊस नाही, थोडे हिम पडते, तेही बहुतेक वाऱ्यावर उडून जाते. १९०३ साली कॅप्टन स्कॉट तेथल्या एका दरीत उतरला. जिवंत असे काही दिसेना, दगडफूलसुद्धा नाही. ही तर मेलेल्यांची दरी, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले. माणूस डोळस होता बरे!

त्याच मुलुखातला वालुकाश्म पुढे इम्रे फ्रीडमन या शास्त्रज्ञाने फोडून पाहिला. वरून कोरडा ठणठणीत. आत काही मिलीमीटरांवर, वाळूच्या कणांमधल्या फटींत, दगडफूल नांदत होते! हे त्याने १९८२ साली प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात ऊन दगडाला हवेहून अधिक तापवते, वितळलेल्या हिमाचा ओलावा आत झिरपतो, तेवढ्या घटकांत त्याचा संसार चालतो. एरवी ते सुकून पडते; श्वास म्हणावा तर तोही जवळजवळ थांबलेला. उघड्या दगडावर वाढणारी एक काळी जात तेथे आहे, तिची वाढ काही ठिकाणी शंभर वर्षांत एक मिलीमीटरही भरत नाही.

यावर यजमान म्हणतील, “पाणी लागले की दगडफूल उठते. माझी आई उठेल काय?” प्रश्न रास्त आहे. पाठशाळेत गुरुजी बजावत, दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणून मुखावर डाग शोधू नयेत. आई उठेल असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे पाहणाऱ्याविषयी आहे. हालचाल दिसली नाही, एवढ्यावरून “राहिले काय?” असा निवाडा देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? फ्रीडमनने जेथे शोध केला त्यांपैकी लिनीअस टेरेस ही जागा १९८५ पासून राखीव आहे. परवान्यावाचून तेथे पाऊल टाकता येत नाही, कारण दगडाचा वरचा पापुद्रा पायाखाली फुटतो. दिसायला तो दगडच, तरी पाऊल जपून टाकायचे.

यजमानांना आम्ही पत्र धाडले. त्यात ही हकीकत लिहिली आणि कळविले की, आईपाशी बसून घरातले रोजचे बोलणे चालू ठेवा. पाऊस किती झाला, म्हैस व्याली का, मुलगा काय शिकला. तिला ऐकू जाते की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही.