विक्रेत्याचें मौन

जुनी मोटार विकावयास काढली म्हणजे मनुष्य आपल्या सत्यनिष्ठेचा जितका बारकाईनें विचार करतो, तितका एरवीं वर्षभरांतहि करीत नसावा. निदान माझा अनुभव तरी असा आहे. माझ्यापाशीं स्कोडा ऑक्टाव्हियाच्या ‘आरएस’ जातीची गाडी आहे. ही जात आपल्या देशांत २००४ सालीं विक्रीस आली. इंजिन १७८१ घनसेंटिमीटरचें, त्यास टर्बोची जोड, आणि शक्ति १५० घोड्यांची. नवी असतांना ती माझ्या आटोक्याबाहेर होती. पण वेगवान गाड्यांचा एक विशेष असा कीं, त्यांची किंमत त्यांच्याच वेगानें खालीं येते आणि देखभालीचा खर्च मात्र होता तेथेंच राहतो. मीं २०१७ सालीं ती घेतली तेव्हां ती बारा वर्षांची होती. नीतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसास असें वाहन कशाला हवें, हा प्रश्न त्या वेळीं घरांतून विचारण्यांत आला. त्याचें समाधानकारक उत्तर मला अद्याप सुचलेलें नाहीं.

ज्या गृहस्थांनीं ती मला विकली त्यांनीं एकहि असत्य वाक्य उच्चारलें नव्हतें. गाडी फार चाललेली नाहीं, एवढें ते म्हणाले, आणि तें अक्षरशः खरें होतें. मला त्याचा आनंदच झाला. त्याच आठवड्यांत आम्ही कोंकणांत जावयास निघालों. वरंध घाट उतरतांना माझ्या पायाखालचें ब्रेकचें पेडल एकाएकीं मऊ पडलें आणि तळाला गेलें. गिअर खालीं आणून आणि हातब्रेक ओढून मीं गाडी डोंगराच्या बाजूस घासत कशीबशी उभी केली. शेजारीं माझी मुलगी बसली होती. ती कांहीं बोलली नाहीं. उतरली आणि रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसली.

पुढें मेकॅनिकनें उलगडा केला. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. म्हणून गाडी चालो वा न चालो, तें साधारण दोन वर्षांनीं बदलावें लागतें. तें तसेंच राहिलें आणि लांब उतारावर ब्रेक तापले, म्हणजे त्या ओलाव्याची वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतच नाहीं. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे; ते त्यानें मला वाचावयास लावले, तेव्हां टायर गाडीच्याच वयाचे निघाले. शेवटीं त्यानें टायमिंग बेल्ट काढून माझ्या हातांत ठेविला. इंजिनांतील पिस्टन आणि वीस झडपा यांची वेळ जुळवून ठेवण्याचें काम या दांतेरी पट्ट्याचें. चालत्या गाडींत तो तुटला तर झडपा पिस्टनवर आदळून वांकतात व इंजिन निकामी होतें. त्या पट्ट्याला भेगा पडल्या होत्या. ‘फार चाललेली नाहीं’ या वाक्याचा अर्थ मला तेव्हां कळला. रबर आणि तेल यांचें आयुष्य उभ्या गाडींतहि सरत असतें.

मीं त्या गृहस्थांना फोन केला. “तुम्हीं विचारलें नाहींत,” ते शांतपणें म्हणाले.

कायदा त्यांच्या बाजूचा आहे. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याचें सोळावें कलम मालाची पारख सामान्यतः घेणाऱ्यावरच सोंपवितें. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत, सतराव्या कलमाखालीं, योगायोगानें उदाहरणें आहेत तीं घोड्याचीं. खोड असलेला घोडा लिलांवांत विकतांना मालक गप्प राहिला, तर तें कपट नव्हे. परंतु घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्यानें बोललें पाहिजे. आणि घेणाऱ्यानें ‘तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निर्दोष समजेन’ असें म्हटल्यावर मालक गप्प राहिला, तर तें गप्प राहणेंच बोलणें ठरतें. अश्वशक्तीच्या सौद्यास हीं उदाहरणें किती चपखल लागू पडतात, हें मीं वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. तेव्हां मुलें हंसतात.

हा वाद कायद्याहून पुष्कळ जुना आहे. सिसरोनें इ. स. पू. ४४ मध्यें लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत तो मांडला आहे. एकानें दोष असलेलें घर विकावयास काढलें. ते दोष त्याच्यावांचून कोणास ठाऊक नाहींत. डायोजिनीस म्हणतो, न सांगणें आणि लपविणें या दोन गोष्टी निराळ्या. घ्या म्हणून कोणी बळजोरी केली आहे? अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्याहूनहि हें वाईट. सिसरो अँटिपेटरच्या बाजूनें निकाल देतो, आणि मीहि आजवर देत आलों.

पण आठ वर्षें ही गाडी सांभाळल्यावर मला एक अडचण दिसूं लागली आहे, जी घराच्या दृष्टान्तांत दिसत नाहीं. जुन्या यंत्राचे दोष पडून नसतात; ते शोधावे लागतात, आणि शोधतो तोच जो जपतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो व इंजिनाच्याच तेलावर जगतो. म्हणून लांबच्या प्रवासानंतर मी इंजिन लगेच बंद करीत नाहीं, मिनिटभर चालूं ठेवितों. इतकें लक्ष दिल्यामुळेंच मला ठाऊक झालें आहे कीं, थंडींत सकाळीं पहिल्यानें सुरू करतांना धूर किंचित् निळसर येतो. ज्यानें कधीं मागें वळून पाहिलें नाहीं, तो मालक निर्मळ मनानें म्हणूं शकेल, ‘मला तर कांहीं दिसलें नाहीं.’ म्हणजे अँटिपेटरचा नियम पाळावयाचा तर जपणाऱ्यास किंमत कमी येणार आणि हयगय करणाऱ्यास अधिक! अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालच्या एका प्रसिद्ध निबंधांत जुन्या मोटारींचाच दाखला घेऊन दाखविलें कीं, घेणाऱ्यास पारख नसली म्हणजे वाईट माल चांगल्यास बाजारांतून हुसकून लावतो. अज्ञान हेंहि भांडवल होऊं शकतें, ही गोष्ट मात्र मला माझ्या गाडीनें शिकविली. मला ठाऊक नसतें तर बरें झालें असतें, असें एक क्षण मनांत आलें, हें कबूल करतों.

आतां गुडघ्यास क्लच सोसवत नाहीं, म्हणून विकणें आलें. घ्यावयास आला तो माझा एक जुना विद्यार्थी, सव्वीस वर्षांचा. गाडीभोंवतीं एक फेरी मारून तो म्हणाला, “सर, तुमची गाडी म्हटल्यावर पाहावयाचें तें काय?” घोड्याचें तिसरें उदाहरण माझ्यापुढें उभें राहिलें, आणि दुसरेंहि, कारण कायद्यानें मुलीचें नातें धरलें आहे, पण शिष्य त्यांत बसतो कीं नाहीं हें न्यायाधीशच जाणोत. मालकी बदलण्याच्या २९ व ३० या नमुन्यांत दोषांचा रकाना नाहीं. मीं सर्व सांगितलें; निळसर धूरहि सांगितला. तो मान डोलवीत होता आणि त्याची नजर चाकांवर होती. माझें सांगून झालें होतें, पण त्याला कांहीं कळलें नव्हतें. अँटिपेटरनें याचा विचार केला होता कीं नाहीं, कोणास ठाऊक. सांगितल्याचें पुण्य पदरांत पाडून घेऊन पैसे मोजून घेण्यास त्या क्षणीं मला कसलीच आडकाठी नव्हती.

मीं आगाऊ रक्कम घेतली नाहीं. आठ वर्षांच्या बिलांची फाईल त्याच्या हातांत दिली, जुना भेगाळलेला पट्टा कपाटांत होता तोहि दिला, आणि वरंध घाटाची हकीकत सांगितली. ती ऐकतांना मात्र त्याची नजर चाकांवरून निघाली.

त्यास तीन आठवडे झाले. फाईल अजून त्याच्याकडेच आहे. घरांतून विचारणा होते, गिऱ्हाइकाचें काय झालें म्हणून. गाडी खालीं उभी आहे. ब्रेकचें तेल बदलून या महिन्यांत दोन वर्षें झालीं, तेव्हां रविवारीं मेकॅनिककडे जावयाचें आहे.