काढणीची वेळ

वारकरी सज्जनहो, दसऱ्यानंतर वडिवळ्याच्या आमच्या परसात बीट पेरले. ५५ ते ७० दिवसांचे ते पीक. मार्गशीर्षात कंदांचे खांदे मातीवर डोकावू लागले. घरातून म्हणणे आले, "आता काढावेत." मी म्हटले, "राहू दे, अजून पोसतील." लोभ हो, दुसरे काय!

माघी द्वादशीला एक वृद्ध वारकरी पारण्यास आले. पंढरीची वाट आता त्यांना चालवत नाही. ताटात तेच बीट वाढले. आत नुसते दोर! दात नसलेल्या त्या माउलींनी घास मुकाट्याने बाजूला ठेवला. तो घास माझ्या काळजात रुतला.

पाल्याच्या डौलाला भुलू नये. खांद्याजवळची माती सारून पाहावी. कंद दोन-अडीच इंच भरला की उपटावा. देठ बोटभर राखावे, नाहीतर रंग वाहून जातो.

सावतामहाराजांना अरणच्या मळ्यातच पांडुरंग भेटला. मळा हाही गुरूच आहे. तो सांगतो, तयार झालेले वेळीच द्यावे. नाम, दान, क्षमा यांना आपण "पुढे पाहू" म्हणतो. तेवढ्यात मन जरठ होते. देवाच्या ताटात कोवळेपणीच वाढावे, बाबांनो. रामकृष्णहरि!