अर्धीच नोंद

भाऊबीजेला तू आलास. काजूकतलीचा डबा दिलास, पाया पडलास, चहा घेतलास. मग खिशातून मोबाईल काढून म्हणालास, "बाई, माझा साडेपाच हजारांचा रिफंड अडकलाय. जरा बघता का?"

घरात पाहुणे होते म्हणून मी फार बोलले नाही. आज लिहून पाठवते आहे. एका जागी बसून वाच.

तुझा रिफंड अडकलेला नाही. तुला रिफंड येणंच नाही. उलट तूच सरकारला चौतीस हजार रुपये देणं लागतोस. हे तुला कळलं नाही, कारण तू बघितलंच नाहीस. आणि बघितलं नाहीस ते येत नाही म्हणून नव्हे. बारावीला पुस्तपालनात शंभरपैकी एक्क्याण्णव घेणाऱ्या मुलाने "मला त्यातलं काही कळत नाही" म्हणायचं? मला सांगतोस हे? तुला कोणी शिकवलं, ते तरी आठवतं का?

आधी आयकर रिटर्न भरलंस त्या रात्रीचं बोलू. रिटर्न भरायची मुदत ३१ जुलै. यंदा, म्हणजे २०२५ला, सरकारने ती १५ सप्टेंबर केली. सेहेचाळीस दिवस जास्तीचे मिळाले. १५ तारखेच्या रात्री आणखी एक दिवस वाढवून दिला. त्या वाढीव दिवशी, १६ तारखेला, रात्री सव्वादहाला तुझा मला फोन. "बाई, साइट चालत नाहीये." शेवटच्या रात्री सगळा देश त्याच दारात उभा असतो, दार अडणारच. पण जुलैत काय झालं होतं? ऑगस्टमध्ये? कंपनीने फॉर्म १६ तुला जूनमध्येच दिला होता. गणपतीत पाच दिवस गावी होतास, रोज संध्याकाळी पारावर बसून मोबाईल बघत होतास. तेव्हा साइट बंद होती का?

बरं, साडेअकराला भरलंस. "झालं एकदाचं" असा मेसेज पाठवलास आणि झोपलास. काय झालं होतं? रिटर्न सबमिट केल्यावर ते ई-व्हेरिफाय करावं लागतं. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, सहा आकडे टाकायचे. त्यासाठी तीस दिवस मिळतात. तीस! १६ ऑक्टोबरला ते संपले. तू माझ्याकडे आलास २३ ला. पोर्टलवर तुझ्या रिटर्नपुढे "पेंडिंग फॉर ई-व्हेरिफिकेशन" असं ठळक दिसतंय. एवढे दिवस तू रोज बँकेचं ॲप उघडून पैसे आले का बघत होतास, आणि एकदाही पोर्टल उघडलं नाहीस. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न म्हणजे न भरलेलं रिटर्न. पेपर लिहिलास, पण पर्यवेक्षकाकडे न देता घरी घेऊन आलास, आणि आता निकालाची वाट बघतोयस.

आता आत काय लिहिलंस ते बघू.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात तू नोकरी बदललीस. पहिल्या कंपनीत सहा महिने, तीन लाख साठ हजार. दुसऱ्या कंपनीत सहा महिने, पाच लाख चाळीस हजार. फॉर्म १६ किती? दोन. रिटर्नमध्ये किती घेतलेस? एक. विचारलं तर म्हणालास, "पहिल्या कंपनीने टीडीएस कापलाच नव्हता, मग ते कशाला दाखवायचं?" वर्गात असं उत्तर दिलं असतंस तर मी तुला बाकावर उभं केलं असतं. कर उत्पन्नावर लागतो रे, कापलेल्या पैशांवर नाही. पहिल्या कंपनीला वाटलं, ह्याचं वर्षाचं उत्पन्न सूट मिळण्याइतकंच आहे. दुसऱ्या कंपनीला तिने दिलेलेच पाच लाख चाळीस हजार दिसले, तिलाही तेच वाटलं. दोघींनी शून्य कापलं. त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या. दोन्ही पगार माहीत असलेला माणूस एकच होता. तू. जुन्या कंपनीतला पगार नव्या कंपनीला कळवायला फॉर्म १२बी असतो. तो भरून द्या म्हणून एचआरने तुला मेल पाठवला होता. भाऊबीजेच्या दिवशी तूच दाखवलास मला तो मेल. उघडलेलासुद्धा नव्हता.

आणि ती बँकेतली ठेव. वर्षाचं व्याज पंचावन्न हजार. बँकेने दहा टक्क्यांनी साडेपाच हजार कापले. रिटर्नमध्ये तू ते कापलेले साडेपाच हजार घेतलेस, परत मागितलेस, आणि ज्या व्याजातून ते कापले गेले ते व्याज दाखवलंच नाहीस. सांग, ही नोंद कशी करायची? बँक खाते नावे ४९,५००. येणे टीडीएस खाते नावे ५,५००. व्याज खाते जमा ५५,०००. अकरावीच्या दुसऱ्या महिन्यात शिकवलं होतं मी हे. तू एक नावे लिहिलीस आणि जमेची ओळ कोरी सोडून उठलास. मागायचं तेवढं आठवलं, मिळालेलं विसरलास. ही विसरण्याची जात मी चांगली ओळखते. ती नेहमी स्वतःच्या फायद्याच्या बाजूलाच विसरते.

सगळं मांड. पगार नऊ लाख, व्याज पंचावन्न हजार, वजा प्रमाणित वजावट पंच्याहत्तर हजार. राहिले आठ लाख ऐंशी हजार. त्या वर्षीच्या नव्या कररचनेत तीन लाखांपर्यंत काही नाही, तीन ते सात लाखांवर पाच टक्के, पुढे दहा लाखांपर्यंत दहा टक्के. वीस हजार अधिक अठरा हजार. अडतीस हजार. त्यावर चार टक्के उपकर, १,५२०. एकूण ३९,५२०. बँकेने कापलेले ५,५०० वजा कर. ३४,०२०. पेन्सिलीने तीन मिनिटं लागली मला. तुला रिफंडची वाट बघायला सव्वा महिना लागला.

वर दरमहा एक टक्क्याने व्याज, तेही एकाहून जास्त कलमांखाली. आणि मुदत टळली म्हणून पाच हजार रुपये वेगळे, कारण तुझं उत्पन्न पाच लाखांच्या वर आहे. हे पाच हजार कशाचे, माहीत आहे? सहा आकडे न टाकल्याचे.

तू म्हणशील, "बाई, मला कुणी सांगितलंच नाही." कुणी सांगायचं होतं? पोर्टलवर एआयएस नावाचं पत्रक आहे. तुझे दोन्ही पगार, ठेवीचं व्याज, सगळं त्यात ओळीने लिहिलेलं आहे. तुझ्याआधी आयकर खात्याला माहीत आहे! तू ते डाउनलोड केलंस. मग पीडीएफ पासवर्ड मागतेय म्हणून सोडून दिलंस. पासवर्ड काय होता? तुझाच पॅन छोट्या अक्षरांत, पुढे तुझीच जन्मतारीख. त्याच पानावर लिहिलेलं असतं ते. स्वतःच्या जन्मतारखेपाशी अडून बसलास तू.

बँक जुळवणी पत्रक आठवतं? रोख पुस्तक एकीकडे, पासबुक दुसरीकडे. ओळीला ओळ लावायची, जुळली तिथे खूण, उरली तिचं कारण शोधायचं. रिटर्न भरणं याहून वेगळं काही नाही. फॉर्म १६ आणि तुझी पासबुकं एका हाताला, एआयएस आणि कापलेल्या कराचं पत्रक २६एएस दुसऱ्या हाताला. एआयएसमधली ओळ चुकीची असेल तर तिथेच ती चुकीची आहे म्हणून कळवायची सोय आहे. कापलेला कर २६एएसमध्ये दिसत नसेल तर ज्याने कापला त्याने आपलं टीडीएसचं विवरण दुरुस्त करायला हवं, आणि त्याच्या मागे लागायचं काम तुझं. हे तुला येतं. अकरावीच्या परीक्षेत हाच प्रश्न तू आठपैकी आठ गुणांनी सोडवला होतास.

आणि मदत कशी मागतोस रे तू? "बाई, एरर येतोय." बस्स. कुठला एरर? कुठल्या पानावर? काय लिहिलं होतं? तू स्क्रीनशॉट पाठवलास त्यात बॅटरी नऊ टक्के तेवढी स्पष्ट दिसत होती. लाल अक्षरातली ओळ तू कापून टाकली होतीस. तुझा ताळा जुळायचा नाही तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारायचे? "फरक किती रुपयांचा?" फरकाला नऊने भाग जातो का बघ, म्हणजे आकडे उलटसुलट पडलेत. दोनाने भागून बघ, म्हणजे तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला गेली असेल. फरक सांगितल्याशिवाय मी वहीला हात लावत नव्हते. आजही लावणार नाही.

आयकर विभागाचा फुकट फोन आहे, १८०० १०३ ००२५. कधी लावलास? पोर्टलवर तक्रार नोंदवायची जागा आहे, आयकर कार्यालयांत सेवा केंद्रं आहेत, तुझ्या हिंजवडीत पावलागणिक सीएच्या पाट्या आहेत. मदतीचा दुष्काळ नाही. पण यातला प्रत्येक माणूस तुला आधी तेच विचारेल. कुठलं कर-निर्धारण वर्ष? पंधरा आकडी पावती क्रमांक काय? संदेश शब्दशः वाचून दाखवा. तिथे तुझी बोबडी वळणार, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तू माझ्याकडे येतोस. बाई ओरडतील, पण करून देतील. याला मदत मागणं म्हणत नाहीत, लेका. हे दुसऱ्याच्या डोक्यावर गाठोडं ठेवून मोकळं होणं आहे. आणि ते गाठोडं तू सोडूनसुद्धा बघितलेलं नसतंस.

जाता जाता दारात चप्पल घालताना म्हणालास ते मला सगळ्यात जास्त लागलं. "ऑफिसात एक जण आहे, तो जुनी पद्धत लावून कुठल्यातरी पक्षाला देणगी दाखवतो. चाळीस हजारांचा रिफंड काढून देतो, त्यातले दहा टक्के त्याचे." हे तू मला हसत सांगितलंस. तू दिलीस का देणगी? एक रुपया तरी? मग पावती कशाची जोडणार? १४ जुलैला विभागाने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती अशाच खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांची. त्यातले काही जण रिटर्नमध्ये भलताच ईमेल टाकत, म्हणजे नोटीस आली तरी पगारदाराला पत्ताच लागू नये. उत्पन्न खोटं दाखवल्याचं ठरलं की चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड बसतो. दंड त्याला नाही. पॅन तुझा, सही तुझी, दंड तुला. तो आपले चार हजार खिशात घालून तुझा नंबर ब्लॉक करेल. शिवाय मुदत टळल्यावर जुनी कररचना निवडताच येत नाही, हे त्या हुशार माणसाने सांगितलं नाही का तुला? तुझे वडील एसटीत तिकिटं फाडायचे. दिवसाच्या हिशोबात दोन रुपये कमी पडले तर स्वतःच्या खिशातून घालायचे. तुझ्या घरात हे शिकवायची वेळ यावी?

आता आईचं. त्यांचं तर तू बोललाच नाहीस. मी त्यांना फोन केला तेव्हा कळलं. वडिलांच्या पैशांची ठेव त्यांच्या नावावर. गेल्या वर्षीचं व्याज एकाहत्तर हजार. वय सहासष्ट. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली. तरीही बँकेने ७,१०० रुपये कापले. का? गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, कर कापू नका असं सांगणारा फॉर्म १५एच द्यायचा राहिला. कुणी द्यायचा होता? त्यांनी तो भरून, सही करून तुझ्या बॅगेत घातला होता. त्या बॅगेत तो अजून आहे. आई म्हणाल्या, "जाऊ दे बाई, तो कामात असतो."

जाऊ द्यायचं नाही. ते सात हजार शंभर त्यांचे आहेत, आणि रिटर्न भरल्याशिवाय ते परत येत नाहीत. ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, आणि त्यांच्या उत्पन्नाला उशिराचा आकारही लागत नाही. ती तारीख गेली तर नंतरच्या अद्ययावत रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही. मग विलंब माफ करा म्हणून आयुक्तांकडे अर्ज करत बसावं लागेल. त्या बसतील का पुण्याच्या ऑफिसात खेटे घालत? तुझा कंटाळा त्या माउलीने का भोगायचा?

रविवारी सकाळी नऊला ये. सव्वानऊला नाही. दोन्ही फॉर्म १६ छापून आण. एआयएस आणि २६एएस छापून आण. सगळ्या खात्यांची पासबुकं, ठेवीची पावती, बँकेचा फॉर्म १६ए. जुळवणी तू आधी घरी करून आणायचीस, एका कागदावर, पेन्सिलीने, आणि न जुळलेल्या ओळींखाली रेघ मारायचीस. त्या ओळींपुरती मी बसेन, कितीही वेळ. ते व्हेरिफाय न केलेलं रिटर्न आपण टाकून देऊ, चलनाने कर भरू, आणि नवं भरू. उत्पन्नाची एकही ओळ न लपवता. तू टाइप करशील, मी शेजारी बसेन. ओटीपी येईपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही.

बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट झालंय का, ते निघण्यापूर्वी बघ. तुझंही आणि आईंचंही. नावात एका अक्षराचा फरक असला तरी अडतं.

आणि आईंना सोबत आण. त्यांचा मोबाईल त्यांच्याच हातात असू दे, ओटीपी त्यांच्या फोनवर येईल. आधी त्यांचं रिटर्न भरू, मग तुझं.