हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

गाणं फुकटच असावं म्हणे! कोणी सांगितलं तुला? त्यागराजांनी?

तिरुवैयारूला त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या आराधनेला गेलास. कावेरीकाठच्या मांडवात मांडी ठोकून त्यांच्या पंचरत्न कृती गायलास. आणि त्याच मांडवात, कृती संपते न संपते तोच, शेजारच्याच्या हातात पेन ड्राइव्ह सरकवलास. कच्चेऱ्यांच्या कच्चेऱ्या, मैफलींची अख्खी ध्वनिमुद्रणं, त्यात भरलेली, एकीसाठीही दमडी न मोजता. मी विचारलं तर म्हणालास, "बाई, संगीत सगळ्यांचं असतं. त्यागराजांनी कुठे पैसे घेतले?" नुसतं "चुकलं" म्हणाला असतास तर आळशी म्हणून सोडून दिलं असतं. पण तू संतालाच साक्षीला उभं केलंस. आता ऐकून घे.

त्यागराजांनी दुसऱ्या सरफोजीराजांचा नजराणा नाकारला, असं सांगतात. तंजावरच्या मराठी गादीवरच्या राजाचं दान एका गरीब ब्राह्मणानं परत पाठवलं, ही गोष्ट तू चवीनं सांगतोस. पुढची का गाळतोस? घरात आलेली लक्ष्मी परत गेली म्हणून भाऊ चिडला आणि त्यानं त्यांच्या पूजेतल्या मूर्ती कावेरीत फेकल्या, हेही तीच परंपरा सांगते. म्हणजे त्यागाची किंमत कोणी मोजली? त्यांनी स्वतः. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून. तू कशाचा त्याग केलास? दुसऱ्याच्या मानधनाचा! त्या कच्चेऱ्यांतल्या गायिकेला विचारलंस? मृदंगवाल्याला विचारलंस? त्यांचं वैराग्य तू परस्पर जाहीर करून टाकलंस आणि पुण्य आपल्या खात्यावर मांडलंस. ह्याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

आणि उंछवृत्ती विसरलास वाटतं. त्यागराज दारोदार गात हिंडायचे, मिळेल त्यावर राहायचे. आजही आराधनेच्या दिवशी त्यांच्या घरापासून समाधीपर्यंत तशी भजनाची फेरी निघते, तू तीत चाललायस. बायाबापड्या काय करतात तेव्हा? दारात येतात, भांड्यात तांदूळ घालतात. मूठभर का होईना, घालतात. दार लावून, आतून कान देऊन, पुढच्या गल्लीला "या, आमच्याकडे फुकट ऐका" असं कोणी म्हणत नाही. त्यागराजांनी मागितलं नाही हे खरं. पण ऐकणाऱ्यानं दिलं, हेही तितकंच खरं. त्या फेरीत तू टाळ वाजवलेस. तांदूळ घालणारा हात दिसला नाही?

जिथे साष्टांग लोटांगण घातलंस ती समाधी कोणाच्या पैशावर उभी राहिली, ठाऊक आहे ना? बंगळूर नागरत्नम्मा. देवदासी बाई. १९२० नंतरच्या काही वर्षांत, पडझडीला आलेल्या जागेवर तिनं आपल्या कमाईतून मंदिर बांधलं. कमाई कशाची? गाण्याची. लोकांनी गाणं ऐकलं, पैसे मोजले, म्हणून विटा आल्या. तिथे बायकांना गाऊ देत नव्हते, तर त्याविरुद्धही ती बाई झगडली. १९५२ साली गेली. तिची मूर्ती आज समाधीसमोर हात जोडून बसलेली आहे. तिच्या काळात सगळे तुझ्यासारखे शहाणे असते, तर तू आज डोकं टेकवायला कुठे गेला असतास?

बरं, तू काही अडाणी नाहीस. तीच तर माझी तक्रार आहे. कायद्याचं पुस्तक तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. त्यागराज १८४७ साली गेले. रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून त्यांच्या कृतींवर आज कोणाचाच मालकी हक्क नाही. बरोबर. गा, शिकव, छाप, कोणी अडवणार नाही. पण ध्वनिमुद्रण ही वेगळी गोष्ट आहे, हे त्याच १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहिलंय. ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. तिथे नेमकं पान उलटलंस? कृती त्यागराजांची, पण तो आवाज, तो श्वास, ती तीस-चाळीस वर्षांची मेहनत गायिकेची. हे तुला मी समजावून सांगायचं?

मग म्हणालास, "ही चोरी नव्हे. मूळ प्रत तिच्याकडेच राहते." आणि वर अमेरिकेतला डाउलिंग खटला तोंडावर फेकलास. वाचलाय मी. १९८५. एल्विस प्रेस्लीच्या बेकायदा तबकड्या विकणारा माणूस. त्या तबकड्या 'चोरीचा माल' ठरत नाहीत, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. कबूल. कोणी वीणा उचलून नेली तर वादकाचे हात रिकामे होतात; फाइल उतरवली तर होत नाहीत. फरक आहे, मी नाकारत नाही. पण कॉपीराइट मोडल्याबद्दल त्याच डाउलिंगवर गुन्हा सिद्ध झाला होता आणि तो तसाच राहिला, हे सांगताना जीभ का अडखळली? चोरी नाही म्हणजे चोख झालं का? दुसऱ्याच्या कष्टाचं घ्यायचं आणि मोबदला देऊ शकत असूनही द्यायचा नाही, ह्याला फुकटेपणा म्हणतात. त्यासाठी न्यायालय लागत नाही. तुझ्या आईनं लहानपणीच शिकवलंय.

आता त्या फाइलींकडे बघू. मी उघडून पाहिल्या. नाव कसं दिलंयस? आधी राग, मग ताल, मग गायिकेचं नाव. आणि शेवटी? तुझं नाव! 'संग्रह' म्हणे. व्हायोलिन कोणी धरलं? नाही लिहिलं. मृदंग? नाही. घटम्? नाही. तनि-आवर्तनात, नुसत्या तालवाद्यांच्या फेरीत, ज्याच्या हातांची सालटी निघाली त्या माणसाचं नाव लिहायला जागा नव्हती, आणि तुझ्या नावाला होती? संगीत सगळ्यांचं, फक्त श्रेय तुझं! त्या मृदंगाचं कातडं बदलायला, शाई भरायला पैसे लागतात. ते तुझ्या संग्रहातून येतात का?

"परवडत नाही" हे तर बोलूच नकोस. मोबाइल केवढ्याचा? कानातलं ते यंत्र केवढ्याचं? महिन्याला शंभर-दीडशे रुपयांत कायदेशीर ऐकता येतं. कलावंताला त्यातले चार पैसेच पोचतात म्हणतोस. खरं आहे, आणि त्याचा मलाही संताप येतो. म्हणून तेही द्यायचे नाहीत? कंपनी कमी देते हा कंपनीचा दोष. तू काहीच देत नाहीस हा कोणाचा? कच्चेरीचं तिकीट काढ. तिची सीडी मिळत असेल तर घे. खरंच हात तंग असेल तर मला सांग. पुस्तकं माझ्याकडून नेतोस तेव्हा लाज वाटत नाही, मग हे मागायला का वाटावी?

राहिला वराळीचा बहाणा. वराळी राग गुरूनं समोर बसून शिकवू नये असा संकेत, म्हणून ध्वनिमुद्रण हवंच, असं तू मला ऐकवलंस. हुशार आहेस! मग सांग, वराळी आठ जणांच्या आवाजात जमवलीस, त्यातली एक तरी शेवटपर्यंत ऐकलीस? गांधार विचारला तर तोंड उतरलं तुझं. वालाजापेटच्या वेंकटरमण भागवतरांनीही आपल्या गुरूच्या, त्यागराजांच्या, कृती वह्यांत उतरवून घेतल्याच. उतरवणं हे पाप नव्हे. त्या वह्या नसत्या तर कितीतरी हरवलं असतं. पण त्यांनी गुरूपुढे बसून, गुरूच्या माहितीत, एकेक ओळ आधी गळ्यात आणि मग कागदावर उतरवली. तुझ्या गळ्यात काय उतरलं? बटण दाबलं की रियाज झाला असं वाटतं तुला. ढिगावर बसून राहणारा विद्यार्थी मी आजवर पुढे गेलेला पाहिला नाही. गळा आहे तुझ्याकडे, कान आहे, म्हणून एवढं बोलतेय. नसता तर एक शब्द खर्च केला नसता.

उद्या सकाळी सातला ये, पेन ड्राइव्ह घेऊन. ६० वर्षं उलटून गेलेल्या तबकड्या वेगळ्या काढ. त्या राहू देत. ज्या विकत मिळतात त्यांची यादी कर. महिन्याला एक घ्यायची, जमेल तशी. बाकीच्या माझ्यासमोर पुसायच्या. ज्यांना ज्यांना वाटल्यास त्यांना तू स्वतः फोन करून सांगायचंस, मी नाही. आणि जे राहील त्या प्रत्येक फाइलवर तुझं नाव खोडून व्हायोलिन आणि मृदंग कोणाचा ते लिहायचं. आवाज ओळखता आला नाही तर मला विचार, मी सांगीन.